सत्तर किलोचं जनावर

सिराजने काचेच्या काउंटरवर हिरवं फ्लॅनेल पसरलं, त्यावर पहिली रायफल ठेवली, आणि जनार्दन परबने ती उचलून आधी तिचा वास घेतला.

रायफलीचा वास घ्यायचा असतो की नसतो, हे त्याला माहीत नव्हतं. कणकवलीजवळच्या गावात वडील आपल्या ठासणीच्या बंदुकीचा घ्यायचे, एवढं आठवत होतं. सिराज हा ओमानमधल्या रुस्ताकच्या सूकमधला, म्हणजे बाजारातला, म्हातारा बलुची दुकानदार. त्याने एक भुवई वर केली आणि परत जागेवर आणली. जनार्दनचा अर्बाब, म्हणजे मालक, मजीद मात्र समाधानाने मान डोलावत होता. जाणकार माणूस बरोबर आणला, पैसे वसूल झाले.

जनार्दन जाणकार कसा झाला, त्यात त्याचा दोष थोडाच होता. राजधानीच्या गाला भागातल्या मजीदच्या पंपांच्या दुकानात तो खरेदीचं काम बघत असे, आणि चहाच्या वेळी अर्बाबला गोष्ट लागत असे. पहिल्या वर्षी गावातलं डुक्कर कुणीतरी मारलं होतं. दोन-तीन वर्षांनी ते वडिलांनी मारलं. पुढे डुक्कर वाढत गेलं, वडील मागे पडत गेले, आणि एके दिवशी गोळी झाडणारा हात जनार्दनचाच निघाला. खरं म्हणजे त्या शिकारीत तो रॉकेलचा डबा बडवत रानातून ओरडत गेला होता आणि वाट्याला आलेलं मटण खाऊन झोपला होता.

"ही पॉइंट टू टू," सिराज म्हणाला. "नवी. हलकी. बायकाही चालवतात."

"कोल्ह्यासाठी?" मजीदने विचारलं.

"कोल्ह्यासाठी, सशासाठी."

"आणि समज," मजीद हळूच म्हणाला, "साधारण सत्तर किलोचं जनावर असेल तर?"

जनार्दनने रायफल फ्लॅनेलवर ठेवली.

ओमानमध्ये सत्तर किलोचं कुठलं जनावर मारायला परवानगी आहे, याचा त्याने मनात शोध घेतला. मिळालं नाही. पण खरेदीच्या धंद्यात त्याने एक नियम पाळला होता आणि त्या नियमावर त्याचा व्हिसा इतकी वर्षं टिकला होता. पाणी किती खोल आहे हे विचारायचं, पाइप किती इंची हे विचारायचं. विहीर कोणाची, हे विचारायचं नाही.

"अंतर किती, अर्बाब?" त्याने विचारलं.

"माझ्या दारापासून जमालच्या गच्चीपर्यंत," मजीद म्हणाला. "तू पाहिलंयस."

दुकानातला एसी घरघरला आणि थांबला.

ते अंतर जनार्दनने पाहिलं होतं. जमाल हा मजीदचा सावत्र धाकटा भाऊ, सैन्यातून निवृत्त झालेला. दोघांची घरं खजुरीच्या एकाच बागेच्या दोन टोकांना. मागच्या वर्षी मजीदने आपल्या बाजूला बोअर मारली. तिच्यासाठी मोठा पंप जनार्दननेच निवडला. पंप इतका चांगला निघाला की जमालची विहीर आटली. त्याच्याकडची झाडं वरून वाळायला लागली, शेंड्यापासून खाली. जमाल भांडायला आला. मशिदीच्या दारात, चारचौघांत, मजीदने त्याच्यावर काठी उगारली आणि ती नुसती उगारून थांबली नाही. तेव्हापासून जमाल संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतो, मजीदच्या दाराकडे तोंड करून. काही करत नाही. बसतो.

"जरा फोन करून येतो," जनार्दन म्हणाला.

बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. किल्ल्याच्या भिंतीवर एक कावळा चोच उघडी टाकून बसला होता. त्याच्या बायकोने, प्रेमाने, राजधानीतल्या रूवीच्या फ्लॅटवरून फोन उचलला.

"आवो, खंय आसात? जेवूक येतल्यात काय नाय?"

"रुस्ताकाक आसय. अर्बाबाक बंदूक घेवची आसा."

"आणि तुमी कित्याक?"

"माझो सल्लो व्हयो त्येका."

पलीकडे प्रेमा हसत सुटली.

"तुमचो? जल्मात उंदीर मारूक नाय तुमी! घरात पाल इली तर माका उठवतास!"

"हळू बोल गो. प्रेमा, ऐक. तो जमालाक मारूक घेता, असा वाटता माका."

हसणं थांबलं. जमालला ती ओळखत होती. ईदला खजुराचा डबा घेऊन तो त्यांच्या जिन्यापर्यंत आला होता आणि त्यांच्या मुलीला, आकांक्षाला, त्याने इंग्रजीत पाढे विचारले होते.

"मगे?" ती म्हणाली. "घेव नको म्हणान सांगतलास?"

"काय सांगू?"

"सांगा नको. तेलाचो भाव पडल्यापासून चार जणांका घराक धाडल्यानी. आकांक्षाची धावी आसा. पण काय तरी करा. त्या माणसाचा मीठ नाय, खजूर तरी खाल्लाव आमी."

जनार्दन परत आत आला तेव्हा फ्लॅनेलवर आणखी दोन रायफली होत्या. मधली टू फोर थ्री, तिची किंमत ऐकून मजीदने तिच्याकडे पाहणंच सोडून दिलं होतं. तिसरी थ्री नॉट एट. जुनी, जाड, अक्रोडी लाकडाच्या दस्त्याची. कुणा अधिकाऱ्याची होती, तो गेला, मुलांनी विकायला ठेवली. किंमत जवळपास नव्या पॉइंट टू टूएवढीच.

जनार्दनने तिसरी उचलली. खांदा खाली आला. आणि खांद्यावरून त्याला ते सुचलं.

मजीदच्या उजव्या खांद्याचं मंगळुरूला ऑपरेशन झालं होतं. सोबत जनार्दनच गेला होता. अजूनही अर्बाबला त्या हाताने कहव्याची किटली उचलता येत नसे, वजनही उतरलं होतं. पॉइंट टू टू त्याला पेलली असती, कारण तिला धक्काच नसतो. पण ही थ्री नॉट एट! पहिली गोळी सुटली की अर्बाब परत मंगळुरूला, आणि नेम आभाळात. हिच्याने या माणसाला कुणालाच मारता येणार नव्हतं.

इतकी सरळ गोष्ट होती. फक्त त्याला ती घ्यायला लावायची.

"अर्बाब, ही खरी बंदूक," तो म्हणाला. "हिच्यासमोर डुक्कर काय, गवा उभा राहत नाही. किलोमीटरभर जाते. दाराआड असला तरी दारासकट."

मजीदचा चेहरा उतरला. त्याचा हात आपोआप पॉइंट टू टूकडे गेला.

जनार्दन चकित झाला. मालाची स्तुती ऐकून मागे सरणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. पण विचार करायला वेळ नव्हता, हात हलक्या रायफलीवर पोचला होता. त्याने पंपांच्या धंद्यातली दुसरी रीत वापरली. स्तुती चालत नसेल तर निंदा.

"अर्थात, ही म्हणजे नवी असताना," तो म्हणाला. "आता हिची नळी गेली. आतून झिजली. शंभर मीटरच्या पुढे गोळी मनाला येईल तिकडे जाते. नुसता आवाज."

सिराजने तोंड उघडलं. जनार्दनने त्याच्याकडे पाहिलं. सिराजने दुकानात कित्येक महिने पडून असलेला माल काउंटरवर आहे याचा विचार केला आणि तोंड मिटलं.

"नुसता आवाज?" मजीदने विचारलं.

"लग्नात उडवायला छान. खरी धोक्याची ही बारकी, अर्बाब. आवाज नाही, काही नाही. आत जाते आणि फिरत बसते. माझे वडील एवढ्या डुकरांना भ्याले नाहीत, पण हिला भ्यायचे."

त्याच्या वडिलांनी पॉइंट टू टू कधी पाहिलीही नव्हती.

मजीदने बारक्या रायफलीवरून हात उचलला, तव्यावरून उचलावा तसा. मग तो तिसरीकडे वाकला. अक्रोडी लाकडावरून त्याने बोट फिरवलं.

"दिसायला मोठी आहे."

"फार मोठी."

"लोक बघतील तर म्हणतील, मजीदने हात आखडता घेतला नाही."

"म्हणतीलच."

"आणि नुसता आवाज."

"नुसता आवाज, अर्बाब."

"खलास," मजीद म्हणाला. गेल्या कित्येक आठवड्यांत त्याचा आवाज इतका मोकळा जनार्दनने ऐकला नव्हता. सिराजशी तो अरबीत बोलला, खिशातून परवान्याचे कागद काढले, सह्या झाल्या. जनार्दनला अरबी वाचता येत नसे. तो काउंटरला टेकून मनातल्या मनात प्रेमाला हकिगत सांगत होता, आणि पहिल्याच सांगण्यात ती बरीच सजली होती.

परत जाताना मजीदने गाडी गालाच्या रस्त्याला न लावता आपल्या गावाकडे वळवली. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येत गेले. मागच्या सीटवर रायफल नव्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. खड्डा आला की ती हलत असे, झोपेत कूस बदलल्यासारखी.

"यल्ला, उतर," मजीद म्हणाला. "तूही ये. निवड तुझी आहे."

बागेत, दोन घरांच्या बरोबर मध्ये, चटया घातल्या होत्या. पाच-सहा पांढऱ्या दाढीचे लोक बसले होते. त्यांच्यामध्ये जमाल. पाठ ताठ, मांड्यांवर पंजे, नव्वद किलोचा माणूस. त्याच्यामागे त्याची झाडं उभी होती, शेंडे करपलेली.

जनार्दन चटईच्या कडेला उभा राहिला. इतक्या लोकांसमोर? दिवसाढवळ्या?

मजीद चादरीतलं ओझं दोन्ही हातांनी, डावा खांदा वर उजवा खाली अशा तऱ्हेने, घेऊन पुढे गेला. वाकला. आणि ते जमालच्या पुढ्यात ठेवलं.

एक म्हातारा बोलू लागला. शेजारी बसलेल्या माणसाने जनार्दनला हात धरून खाली बसवलं आणि हिंदीत समजावलं. काठीबद्दलचा निवाडा झाला होता. चारचौघांत उगारली, चारचौघांत मिटवायची. पुरुषाचा मान घेतला म्हणून पुरुषाला शोभेल अशी बंदूक द्यायची. परवाना जमालच्या नावाचा होता, महिन्यापूर्वीच झालेला.

"आणि पाणी?" जनार्दनने विचारलं. विहीर कोणाची याकडे जाणारा प्रश्न, आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"पाण्याचं पुढच्या बैठकीत. इन्शाल्ला."

जमालने चादर उलगडली. त्याने बोल्ट मागे ओढला, रायफल आभाळाकडे धरली आणि नळीत एक डोळा लावून पाहिलं. सैनिकाला वेळ लागत नाही, पण त्याने वेळ घेतला.

"आरसा आहे," तो म्हणाला. "आतून नुसता आरसा. कुणी निवडली?"

मजीदने आधी आपल्या दाराकडे पाहिलं. मग त्याने जनार्दनकडे बोट दाखवलं. जमाल उठला, चटई ओलांडून आला आणि त्याने जनार्दनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबला. हात कोरडा आणि ऊबदार होता.

"तुमची मुलगी बरी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे," जनार्दन म्हणाला.

मग जमालने रायफल खांद्याला लावली. ती तिथे अशी बसली की जणू लाकूड त्याच खांद्याच्या मापाने कापलं होतं. नळी सावकाश फिरली. खजुरीची हिरवी झाडं, पंपाची खोली, पाण्याची टाकी. मजीदच्या निळ्या दारापाशी ती थांबली. पंप चालू होता, त्याचा एकसुरी आवाज तेवढा येत होता. जमालने रायफल खाली घेतली, चादरीत गुंडाळली, आणि सगळ्यांनी म्हटलं, अल्हम्दुलिल्ला.

कहवा झाला. खजूर झाले. दोघे भाऊ गळ्यात गळा घालून भेटले आणि म्हाताऱ्यांचे डोळे ओले झाले.

मजीद गाडीपाशी आला. दाराच्या हँडलवर हात ठेवून तो थांबला. पलीकडे जमालच्या गच्चीवर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, पण त्याने मान वळवली नाही.

"जनार्दन," तो म्हणाला, "उद्या गालाहून एक लोखंडी शीट पाठव. घराच्या दाराच्या मापाची."

"पाठवतो, अर्बाब."

"सहा एमएम पुरेल ना?"

जनार्दनने निळ्या दाराकडे पाहिलं.

"बारा घेऊ या, अर्बाब," तो म्हणाला.

मजीद ऑपरेशननंतर सत्तर किलोंवर आलेलं आपलं अंग सांभाळत गाडीत बसला.