जावईबापूंचा स्लोप

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत काकूंच्या हाताखाली एकवीस जण शिकून गेले होते आणि त्यांतला एक तर साहेब होऊन परत आला होता. त्यामुळे साहेब काकूंशी बोलताना आवाज हुकमाचा लावत, पण उभे मात्र शिकाऊ उमेदवारासारखे राहत. सोमवारी सकाळीही ते तसेच, हात मागे बांधून, टेबलाशी उभे होते.

"एकोणपन्नास," साहेब म्हणाले. "चोपन्नच्या खाली गेला की टेबलावरून उतरवायचा, काकू. उद्या तपासणी पथक येतंय. आणि नवा इलेक्ट्रोड चार महिने खोक्यात पडून आहे."

"शुक्रवारी सत्तावन्न होता."

"शुक्रवारी होता."

एकोणपन्नास हा जुन्या फ्लोराइड इलेक्ट्रोडचा स्लोप. दोन द्रावणं घ्यायची, एकात दुसऱ्याच्या दहापट फ्लोराइड. दोन्हींत इलेक्ट्रोड बुडवला की मीटरच्या आकड्यांत सत्तावन्न-अठ्ठावन्न मिलिव्होल्टचा फरक पडला पाहिजे. तो फरक आटला की समजायचं, स्वारी थकली. काकू येत्या शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. टेबल, किल्ल्या, रजिस्टर, सगळं सोडायची त्यांची तयारी होती. इलेक्ट्रोड मात्र त्यांना चालता द्यायचा होता, कारण तो त्यांना चालता मिळाला होता.

"दुपारपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग काकूंचा चेहरा पाहिला आणि घड्याळाचा नाद सोडला.

मिळाला होता तो मास्तरांकडून. मास्तर म्हणजे ह्या टेबलाचे आधीचे धनी. आता ते नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वी काकू, ज्या तेव्हा अजून कुणाच्याच काकू नव्हत्या, गढूळपणा मोजायच्या टेबलावरून इथं आल्या, तेव्हा मास्तरांनी स्टँडकडे हात करून रीतसर ओळख करून दिली होती. "हे आमचे जावईबापू. ह्यांच्या टोकाच्या स्फटिकाला बोट लावायचं नाही, रुसतात. धुवायचं डिस्टिल्ड पाण्यानं. पुसायचं नाही, टिपायचं. बसवताना जरा तिरकं, खाली बुडबुडा राहता कामा नये. आधी फिकं द्रावण, मग दाट. आणि प्रश्न विचारला की लगेच उत्तराची घाई करायची नाही."

मग आकडा ठरेपर्यंत दोघं पाच-पाच मिनिटं बसून राहत. त्या पाच-पाच मिनिटांच्या हप्त्यांनी काकूंना मास्तरांचं सगळं घर पाठ झालं: पाठदुखी, थोरलीचं लग्न, धाकट्याचं गणित. मास्तरांना खरा जावईही होता, पण त्याची इतकी बडदास्त ठेवल्याचं कधी ऐकिवात नव्हतं. खिडकीतून दुपारचं ऊन मीटरवर यायचं, मास्तर त्यावर वही आडवी धरायचे आणि म्हणायचे, "उकाड्यात आकडा हलतो, माणूस काय हलणार नाही?" बनवणाऱ्यांनी पाच वर्षांची आशा दिली होती. मास्तरांच्या आणि मग काकूंच्या हाताखाली जावईबापूंनी एकोणीसच्या वर काढली.

काकूंनी खणातून टूथपेस्टची ट्यूब काढली. ही युक्तीही मास्तरांचीच. त्यांची ट्यूब घरून यायची आणि घरी चौकशी व्हायची, की दात चार उरले, पेस्ट जाते कुठं.

"काकू, टूथपेस्ट?" शेजारच्या स्टुलावरून नवीन मॅडमनी विचारलं. शुक्रवारनंतर हे टेबल त्यांचं होतं.

"फ्लोराइडची आहे. ह्याला घरचंच जेवण मानवतं."

"हे पुस्तकात आहे का?"

"आहे. किती दाबायचं ते मात्र नाही."

मऊ कापडावर थेंबभर पेस्ट घेऊन काकूंनी स्फटिक बारीक गोल गोल घासला. इतक्या हलक्या हातानं त्यांनी स्वतःच्या मुलाचं तोंडही कधी धुतलं नव्हतं. मग धुणं, टिपणं, द्रावणात तासभर भिजवणं. पुन्हा फिकं, पुन्हा दाट.

पन्नास. तोही धड ठरेना. आकडा घरभर चष्मा शोधणाऱ्या माणसासारखा फिरत होता. काकूंनी टिपकागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मी बघू?" नवीन मॅडमनी इलेक्ट्रोड उजेडाकडे धरला. "ह्या भोकावर काहीतरी चकाकतंय."

इलेक्ट्रोडच्या कुशीत एक बारीक भोक असतं. तिथून मिठाचं द्रावण भरतात. संध्याकाळी रबराची पट्टी वर सरकवून भोक झाकायचं, सकाळी खाली ओढून उघडायचं. उघडं असलं तरच ते द्रावण खालून केसाएवढं झिरपतं आणि आकडा ठरतो. पट्टी काकूंनी सकाळी नेमानं ओढली होती. पण पट्टी सरकली तरी भोकावर पारदर्शक फिल्मचे दोन वेढे तसेच होते.

"हे कुणी लावलं?"

काकूंनी नखानं फिल्मचं टोक चाचपलं. शुक्रवारी निघताना त्यांच्या मनात आलं होतं, दोन दिवस सुट्टी, शेवटचा आठवडा, ह्याला आता तरी कोरड पडू नये. एकोणीस वर्षांत असले लाड कधी केले नव्हते.

"मी," त्या म्हणाल्या. "मास्तर असते तर म्हणाले असते, जावयाचे लाड करता करता तोंडच बांधलंत की त्याचं."

फिल्म सोडवली, द्रावण काठोकाठ भरलं, पाव तास जाऊ दिला. सत्तावन्न पूर्णांक सहा.

साहेब आकडा पाहून खुश झाले. "झकास. लिहा: साफ केला, व्यवस्थित चालतो. म्हणजे उद्या पथकाला शंका नको."

रजिस्टरात 'दोष व कारण' असा एक रकाना होता. एकवीस जणांच्या चुका काकूंनी त्यात सुवाच्य अक्षरात मांडल्या होत्या. स्वतःची एकही नव्हती. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं: 'इलेक्ट्रोडमध्ये दोष नाही. भरणीचं भोक माझ्याकडून बंद राहिलं.'

"जाता जाता कशाला, काकू?" साहेबांचा आवाज उतरला.

"तू स्फटिकावर अंगठा टेकवलास, तेव्हा नाही लिहिलं मी?"

"लाल शाईनं लिहिलंत."

"निळ्या. उगाच वाढवून सांगू नकोस." काकूंनी खाली सही केली. "आणि हे लिहिलं नाही, तर हिला वाटेल पेस्टनं बरा झाला. पुढच्या वेळी रोग भलताच असेल आणि ही घासत बसेल."

नवीन मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली. शेजारच्या 'ताब्यात घेतला' ह्या रकान्यात सही केली.

"आज संध्याकाळी भोक कोण झाकणार? तुम्ही की मी?"

"तू. मी बघणारसुद्धा नाही."

"बघतील," साहेब म्हणाले.