घंटेनंतरचा दिवा

"कोळशावर निळी ज्योत दिसतेय तोवर धुराड्याची झडप लावायची नाही, फेव्रोन्या. धूर नसला तरी विषारी वायू घरात कोंडतो, झोपेतच जीव जातो. थंडी वाजू दे, झोप येऊ दे. नाही म्हणजे नाही."

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे सांगितलं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. चोवीस हिवाळे मी त्यांचा शब्द पाळला. रोज रात्री घर तापवणाऱ्या भट्टीपुढे बसायचं, जप करायचा, कोळसे नुसते लाल उरले की मगच झडप ओढायची.

त्या हिवाळ्यात मला भीती होती ती नाझारच्या गॅसच्या कंदिलाची. नाझार माझा नवरा. सरोवर गोठलं की तो बर्फावर कापडी तंबू ठोकतो, आत भोक पाडून मासे धरतो. दुपारी तीनलाच अंधारून येतं, म्हणून दिवा लागतोच. आदल्या वर्षी शेजारच्या गावातले दोघे भाऊ अशाच तंबूत मेलेले सापडले होते, शेजारी शेजारी, झोपल्यासारखे. त्यांच्याकडेही गॅसचाच कंदील होता. तेव्हापासून नाझार बर्फावर असला की मी जपाच्या दोन माळा जास्त ओढायचे.

शेवटी मी त्याला ओढत शहरातल्या दुकानात नेलं.

"गॅसचा दिवा उजेडही देतो नि हातही शेकतो," नाझार कुरकुरला. "हे विजेचं खेळणं काय देणार?"

"घरी जिवंत आणून देईल," दुकानवाली मारे म्हणाली. ती एस्टोनियन, फटकळ बाई. तिनं आधी डोक्याला बांधायचा दिवा काढला.

"हा नको," नाझार म्हणाला. "मान हलवली की झोत थेट भोकात. खालचे मासे म्हणतील, पोलीस आले."

"मग हा टांगायचा घ्या. पिवळा उजेड, डोळ्याला टोचत नाही. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून ती कोटाच्या आत ठेवायची आणि वायर वर न्यायची."

नाझारनं तो बोटाला टांगला, खाली दुसरा हात धरला आणि सावली कुठे पडते ते बघत राहिला. "छताच्या कडीला मधोमध लावला तर दोरीची सावली बाजूला जाईल," तो म्हणाला. म्हणजे त्याला आवडला होता. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

पण दोन दिवस तो काळीनिळी बोटं घेऊन घरी आला. "तुझा दिवा सज्जन आहे गं," भट्टीला हात लावून म्हणाला, "पण माणूस कुडकुडत असला तरी नुसता बघत बसतो."

मला वाईट वाटलं. शनिवारी दुपारी तो निघताना मी झाकणाच्या लोखंडी भांड्यात आमच्या भट्टीतले लालभडक कोळसे भरले, वर राख पसरली आणि भांडं त्याच्या घसरगाडीवर ठेवलं. ना ज्योत, ना धूर. कुंपणापलीकडून शेजारच्या उस्तिन्यानं पाहिलं. "काय शक्कल आहे गं बाई तुझी! आमच्या म्हाताऱ्यालाही असंच देते." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं.

शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की आमच्याकडे बर्फावरचे दिवे विझतात. घंटेनंतर कुणी गळ टाकत नाही. त्या दिवशी सात दिवे होते. प्रार्थनाघराच्या खिडकीतून मी एकेक विझताना पाहत होते. सहा विझले. सातवा, नाझारचा, तसाच.

"नवीन दिवा ना, विझवायला जीव होत नसेल," उस्तिन्या हसली.

माझी माळ सुरू होती. माळ सुरू झाली की संपेपर्यंत बोलायचं नाही असं माझं व्रत आहे, आणि बारा वर्षांत ते मोडलेलं नव्हतं. तशीच बाहेर आले, फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. दिवा स्थिर, पिवळा, अगदी शांत. कंदील असता तर एव्हाना गॅस संपत येऊन फडफडला असता, कुणीतरी बघायला गेलं असतं. या उजेडाकडे बघून कुणाला काही वाटतच नव्हतं.

"सावेली येरेमेयिच, गाडी काढा."

व्रत मोडलं. म्हातारे सावेली पायरीवर टोपी काढत होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टोपी परत घातली. त्यांच्या फुगीर चाकांच्या गाडीत आम्ही बर्फावर उतरलो.

"झोपला असेल लबाड," ते म्हणाले. "उठवू आणि चांगला झापू." पण गाडी त्यांनी कधी नव्हे इतकी जोरात हाकली.

तंबू जवळ आला. कापडावर नाझारची सावली होती, बसलेली, मान छातीवर. हलत नव्हती. मी हाका मारल्या. सावली हलली नाही.

सावेलींनी सुरीनं कापड फाडलं. नाझार खोक्याला टेकलेला, गाल छान गुलाबी, हातात दोरी. वर दिवा स्वच्छ जळत होता. त्याच्या पायांमध्ये माझं भांडं होतं, झाकण काढलेलं. कोळशांवर बारीक निळी ज्योत फिरत होती.

चोवीस वर्षं मी तो शब्द फक्त भट्टीपुरता सांभाळला होता. तंबूला झडप नाही, धुराडं नाही, मग तो शब्द इथे लागेल असं माझ्या डोक्यात आलंच नाही. मी कंदिलाला भीत राहिले आणि मरण स्वतःच्या हातानं राखेत झाकून पाठवलं.

आम्ही त्याला ओढून बर्फावर घेतलं. सावेली त्याची छाती दाबत होते. मी गुडघ्यांवर बसून म्हटलं, मोठ्यानं म्हटलं की मनात ते आठवत नाही, "देवा, त्याचा श्वास दे. भांडं माझं होतं हे मी माझ्या तोंडानं सगळ्यांपुढे सांगेन."

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग नाझार ओकला, कण्हला. किनाऱ्यावर रुग्णवाहिका आली.

पहाटे इस्पितळात त्यानं डोळे उघडले. "मोठा मासा लागला होता, फेव्रोन्या." थोड्या वेळानं हळूच, "भांड्याचं बोलू नकोस कुणाला. बायका तुला फाडून खातील. सावेली काही बोलायचे नाहीत." मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

सकाळी सावेलींनी मला घरी सोडलं. उस्तिन्या कुंपणाशी उभीच होती. "तुझ्या जपानं वाचवलं गं त्याला! तो मेला विजेचा दिवाच खराब. मी म्हाताऱ्याला सांगितलंय, जुना कंदील आणि तुझ्यासारखं कोळशाचं भांडं. आन्फिसा नि ग्लिकेरियाही आपापल्या नवऱ्यांना देणार आहेत. उद्या पहाटे निघतायत सगळे." माझं उत्तर न ऐकता ती प्रार्थनेला पळाली. उशीर झाला होता.

मी हात धुतले. काळा रुमाल हनुवटीखाली टाचला. आज सगळं गाव तिथे असेल, सगळ्या बाया माझ्याकडे कौतुकानं बघतील. पहिलं वाक्य मी मनात म्हणून पाहिलं: भांडं माझं होतं. दार ओढून घेतलं आणि प्रार्थनाघराच्या वाटेला लागले.