आक्षेपार्ह पानं १४० ते १४८

यादीची कल्पना माझीच होती. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे मी ज्या ज्या माणसांवर चिडणार आहे, त्यांत पहिला नंबर कोणाचा याबद्दल वाद नको.

१९६८ साली आमच्या वाचनालयाचा मी चिटणीस होतो. वाचनालय म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याला लागून असलेली ग्रामपंचायतीची मागची खोली. दिवसा हायस्कुलात मराठी शिकवायचं आणि संध्याकाळी या खोलीचं कुलूप काढायचं, असा माझा क्रम. एप्रिलच्या सभेत मी मांडलं, की सुट्टीत मुलं-मुली मोकळी असतात, तर आठवी ते अकरावीच्या मुलांनी वाचाव्यात अशा पंचवीस कादंबऱ्यांची यादी करून फळ्यावर लावू. पंचवीसही पुस्तकं वाचनालयाचीच होती. दहा मिनिटांचं काम होतं.

अध्यक्ष पोपटशेठ, भाताच्या गिरणीचे मालक. त्यांनी सूचनेचं स्वागत केलं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. शेठ म्हणाले, पोरांच्या हातात काहीही द्यायचं म्हणजे जबाबदारी आली, तेव्हा आधी तपासणी. लगेच तपासणी समिती नेमली गेली. तीत शेठ, निवृत्त मुख्याध्यापक ओगलेगुरुजी आणि मी. ठराव असा झाला, की प्रत्येक कादंबरी तिघांनी वाचावी, वयाने मोठा असेल त्याने आधी वाचावी, आणि तपासणीतलं पुस्तक तपासणाऱ्याच्या घराबाहेर जाऊ नये. गुरुजी वयाने शेठपेक्षा मोठे होते. पण अध्यक्षाचं वय अध्यक्षपदासकट धरायचं असतं, असं गुरुजींनीच सुचवलं.

दुसऱ्या दिवशी पंचवीस कादंबऱ्या हातगाडीवरून शेठच्या घरी गेल्या. वाचनालयात उरली ती जुनी पंचांगं आणि भातावरच्या किडीची सरकारी पत्रकं. सुट्टी लागली, पोरं आली, पत्रकं बघून परत गेली. मुलांनी वाचावं म्हणून मी जे केलं, त्याने गावातलं वाचन अडीच दिवसांत बंद पडलं. एवढं काम दुष्ट माणसालाही इतक्या लवकर जमलं नसतं.

बाकीची पोरं विटीदांडूकडे वळली. सुंदरा वळली नाही.

सुंदरा शेजारच्या लोधिवलीच्या नागूची मुलगी. नववीची परीक्षा देऊन बसलेली. जूनपासून शाळा बंद, असं नागूने ठरवून टाकलं होतं. घरातलं एक माणूस लिहितं-वाचतं झालं, काम झालं, असा त्याचा हिशेब. शाळा बंद म्हणजे विद्यार्थी सभासदाचं कार्डही बंद. कुमारिकेला साधं सभासद व्हायचं तर वडिलांची लेखी संमती लागे, आणि नागू तर सहीसुद्धा सुंदराकडूनच करून घ्यायचा. थोडक्यात, पोरीच्या हातात मे महिना होता.

सुट्टीच्या आधी तिने एका दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग नेला होता. त्यात एक पोस्टमास्तरची मुलगी घर सोडून निघते. घाटाच्या पायथ्याशी मोटार थांबते, मागून भावाची हाक येते, आणि भाग संपतो. दुसरा भाग शेठच्या कपाटात.

"मास्तर, ती उतरली का मोटारीतून?" पुस्तक परत देताना तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं. दुसरा भाग मी वाचलेला नव्हता. यादीत मात्र दोन्ही भाग लिहिले होते, मोठ्या अक्षरात. शिफारस करायला वाचावं लागत नाही, हा शोध शेठच्या आधी माझ्या नावावर लागला होता.

मी म्हटलं, तपासणी चालू आहे, आठवड्यात येईल. दर आठवड्याला ती उन्हातून चालत यायची आणि दर आठवड्याला मी आठवडा पुढे ढकलायचो. तिसऱ्या खेपेला ती फळ्याकडे बघत उभी राहिली. फळ्यावर 'यादी लवकरच' एवढंच होतं.

"लवकर म्हंजे कवा, मास्तर? माझं लगीन झाल्यावर?" ती म्हणाली. "तवा लावा. पोरांना घेऊन वाचाया येते."

मी शेठकडे गेलो. पहिल्यांदा ते मुंबईला गेले होते. दुसऱ्यांदा झोपले होते. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, अहो मास्तर, वाचनाचं काम घाईचं नाय. मग त्यांनी मला अभिप्रायांचा कागद दिला. पंचवीसपैकी एकोणीस कादंबऱ्या बाद. माझ्या पोस्टमास्तरच्या मुलीसमोर लिहिलं होतं: 'दुसरा भाग. तरुण मनावर अनिष्ट परिणाम. विशेष आक्षेपार्ह पानं १४० ते १४८.'

पानांचे आकडे बघून मी नरमलो, हे कबूल करतो. माणसाने आकडा दिला की त्याने वाचलं असणार, असं मला वाटलं. बी.ए.ला शिकवतात ते हेच.

सुंदराला मी जड आवाजात सांगितलं, की त्या पुस्तकातली १४० ते १४८ ही पानं बरी नाहीत. तिने विचारलं, काय आहे त्यांत? मी म्हटलं, माहीत नाही. तिने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या गुरुवारी, आमच्याकडच्या बेस्तरवारी, शेठने मला दुपारी घरी बोलावलं होतं, अभिप्राय स्वच्छ अक्षरात उतरून घ्यायला. घर गिरणीला लागूनच. आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, भात भरडून ठेवायला गाड्यांची रांग लागली होती. रांगेत नागूचीही गाडी. नंबर यायला संध्याकाळ झाली असती. मी ओटीवर टेकतो न टेकतो तोच सुंदरा समोर येऊन उभी राहिली. माझ्यापुढे नाही, शेठपुढे.

तपासणीतलं पुस्तक तुमच्या घराबाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे ना, असं तिने विचारलं. शेठ म्हणाले, आहे.

"मंग मी भाएर नेत नाय. हितंच वाचते. आमचा नंबर येईस्तवर."

शेठने माझ्याकडे पाहिलं. नियम मीच लिहून काढला होता, आणि तो चोख होता. शेठ म्हणाले, पण ते मुलींसाठी नाही. एवढ्यात त्यांच्या पत्नी, मोतीबाई, सुपात तांदूळ घेऊन बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, बसूंद्या की, उन्हात कुठं जाईल पोर. आणि आत जाऊन त्यांनी स्वतःच पुस्तक आणून दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोणतं पुस्तक ते सुंदराने त्यांना कव्हरवरच्या मोटारीवरून सांगितलं.

सुंदराने पुस्तक उघडलं, चाळायला गेली, आणि थांबली. मग ते तसंच माझ्या पुढ्यात धरलं.

त्या काळी काही प्रकाशक पुस्तकाच्या कडा न कापताच विकत. पानं वरून आणि बाजूने जोडलेली असत, सुरी घेऊन बसायचं आणि कापत कापत वाचायचं. या पुस्तकाची फक्त पहिली दोन पानं सुटी होती. त्यावर मी मारलेला वाचनालयाचा शिक्का होता. बाकी सगळं पुस्तक बंद. पानं १४० ते १४८ छापखान्यातून निघाल्यापासून माणसाच्या नजरेला पडली नव्हती.

"शेठ," ती म्हणाली, "ही पानं तुमी कशी वाचली?"

शेठ रागावले. असल्या पुस्तकांत वाईट ते नेहमी मध्यावरच येतं, हे साऱ्या जगाला माहीत आहे, असं ते म्हणाले. त्यासाठी कापत कशाला बसायचं? भाताचं पोतं बघताना माणूस मध्ये एकच बोच मारून मूठभर दाणे काढतो की नाय? मी म्हटलं, शेठ, बोच तरी मारता ना. त्या दिवशी शेठसमोर मी बोललेलं हे एकमेव वाक्य. गिरणीच्या आवाजात ते ऐकू गेलं नसावं.

मोतीबाईंनी विळी आणून दिली. सुंदरा पाटावर बसली, विळीच्या पात्याशी एकेक पान धरून कापत गेली आणि वाचत गेली. ती इतकी भराभर वाचत होती, की मी अभिप्राय उतरवायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिलो. मोतीबाईंनी एकच अट घातली होती. ती वाईट पानं आली की मोठ्यानं वाचायची.

ती पानं आली. सुंदराने खडा आवाज लावला. पान १४० ते १४८ वर दोन चुलतभावांचं विहिरीच्या हद्दीवरून भांडण होतं. तलाठी येतो, साखळी टाकतो, मोजणी होते, विहीर निम्मी-निम्मी पडते.

मोतीबाई सूप खाली ठेवून बसल्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "एवडंच? अवं, ह्यात वाईट काय हाय?"

"जमिनीच्या वादाचा विषय हाय," शेठ म्हणाले. "पोरांना कशाला?"

ऊन कलताना नागूने गाडीवरून हाक मारली. सुंदराचं शेवटचं पान चालू होतं. तिने ते पुरं केलं, पुस्तक मिटलं, कापताना पडलेले कागदाचे कपटे ओंजळीत गोळा करून चुलीपाशी टाकून आली, आणि पुस्तक शेठच्या हातात दिलं. शेठ ते उलटसुलट करत राहिले. मग अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, "उतरली का गं ती मोटारीतून?"

"वाचा की, शेठ. पुस्तक तुमच्याकडंच हाय. आता कापलेलंबी हाय."

मलाही तेच विचारायचं होतं.

ती ओटीच्या पायऱ्या उतरली. शेठ माझ्याकडे वळले. आवाज पुन्हा अध्यक्षांचा झाला होता. घ्या लिहून, म्हणाले: सदर कादंबरी वाचून एक कुमारी वडीलधाऱ्यांस उलट बोलू लागल्याचं समितीच्या प्रत्यक्ष अनुभवास आलं आहे. मोतीबाईंनी सूप उचललं आणि इतक्या जोरात पाखडलं, की कोंडा शेठच्या धोतरावर उडाला. मी लेखणीचं टोपण लावलं आणि उठलो. मागून शेठ 'मास्तर, मास्तर' करत होते.

गाडीपाशी सुंदरा बापाला पोती चढवू लागत होती. मला बघून थांबली.

"मास्तर, अशी बाद केलेली अजून किती हायती?"

"अठरा."

तिने गाडीतली पोती बघितली, मग नागूकडे. "आबा, पुढल्या बेस्तरवारी परत भात आणायचं."

नागूने कासरा हातात घेतला होता. "येडी का काय? आगोटीचं झालं की भरडून."

"थोडं थोडं आणू," ती म्हणाली. "पायलीपायलीनं."