आयदिनचा म्हातारा नवरदेव

खीवा शहरात खलफा बायकांशिवाय लग्नाला रंग चढत नसे, आणि त्यांच्याशी सोयरीक मात्र कुणी करत नसे. बायकांच्या अंगणात त्या गायच्या, सोंगं करायच्या. पाहुण्या पोट धरधरून हसायच्या आणि घरी जाताना म्हणायच्या, "अल्ला करो, आपल्या पोरींवर अशी वेळ न येवो."

कुरबान विणकराची आयदिन मात्र तीच वेळ मागत होती. भरतकामाचं निमित्त करून ती रोझिया खलफाकडे जायची आणि सोंगं शिकायची. इकडे घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं. रिवाजाप्रमाणे दोन्ही घरांनी मिळून एक रोटी मोडून खाल्ली. शब्द पक्का झाला.

शेजारच्या लग्नात ऐनवेळी रोझियाची जोडीदारीण तापाने फणफणली. रोझियाने आयदिनला सरपणाच्या खोलीत ओढलं.

"म्हाताऱ्या नवरदेवाचं सोंग कोण करणार आता? पण नीट ऐक, समोर तुझी होणारी सासू बसलीय. नाही म्हणालीस तर मला राग नाही."

आयदिनने बकरीच्या केसांची दाढी तोंडाला बांधली.

अंगणात काठी टेकत, खोकत म्हातारा आला. पोरगी पसंत करायला आलेला तो नवरदेव घोडी पारखावी तसे पोरगी बनलेल्या रोझियाचे दात बघू लागला, तिला चालवून बघू लागला. बायका हसून लोळल्या. आयदिनची आई झुमरत हसता हसता एकदम गप्प झाली. ते हात तिच्या ओळखीचे होते.

सासूनेही ओळखलं.

"थांबा!" सनोबरबिबी उठून उभी राहिली. "ही तर आमची ठरलेली सून! काढ गं ती दाढी."

वाद्यं थांबली. झुमरत पुढे धावली. "पोर आहे हो बिबी, गंमत केली. आयदिन, माफी माग. माग लवकर!"

सुटायची वाट समोर उघडी होती. चार शब्द बोलले की झालं. दाढीखाली आयदिनला घाम सुटला होता. तिने आईकडे पाहिलं, मग काठी घट्ट धरली आणि म्हाताऱ्याच्याच चिरक्या आवाजात म्हणाली, "दाढी काढू? अगं बाई, हिच्याच जोरावर तर तीन बायका केल्या!"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळं अंगण खदखदलं. सनोबरबिबी डोक्यावरून फरंजीचा बुरखा ओढून निघून गेली.

सोयरीक संध्याकाळच्या आतच मोडली. कुरबानने हात उगारला नाही. मागावरून नजरही न उचलता तो म्हणाला, "हिला जाऊ दे. मला लेक नाही." तो तिच्याशी पुन्हा कधीच बोलला नाही. तो गेला तेव्हा त्याच्या मयतीलाही तिला लांब, भिंतीच्या पलीकडे उभं राहावं लागलं. त्या दिवशी ती खूप रडली. पण सहा महिन्यांनी शेजारच्या उरगेंच शहरात एका लग्नात सोंग घेऊन उभी राहिली, आणि पाहुण्यांना तिने रडेपर्यंत हसवलं.

त्या लग्नात सगळ्यांत मागे झुमरत बसली होती. खेळ संपल्यावर ती चहाचा वाडगा घेऊन आली, लेकीशेजारी टेकली.

"म्हातारा आज जरा जास्तच खोकला," आई म्हणाली. "एवढा खोकला तर लोक त्याची कीव करतील गं."

"मग किती खोकू?" आयदिनने विचारलं.

झुमरतने इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच खोकून दाखवलं.