चौथा बोर

मी जलालुद्दीन, वडशाचा. तीस वर्सं झाली, इमारत बांधायच्या आंधी जमिनीत बोर मारून माती तपासतो. लोखंडी नळी ठोकाची, एक फूट खाली जायले किती ठोके लागले ते कागदावर लिवाचं. ठोके कमी म्हणजे माती नरम. माणूस खोटं बोलते, माती बोलत नाई, असं गावभर सांगत फिरत होतो. लय तोंड होतं मले!

माझी पोरगी तहसीन इंजिनिअर झाली. मुलचेऱ्याकडच्या पोरींच्या होस्टेलचं डिझाईन तिच्याकडं आलं, अन् मातीचं काम माझ्याकडं. एकदा तिनं कम्प्युटरवर दाखवलं. जमिनीत गाडलेले काँक्रीटचे पाइल, अन् त्यांच्या आजूबाजूले नुसत्या स्प्रिंगा.

"हे माती हाय, अब्बा. तुमचे ठोके जास्त, तर स्प्रिंग कडक. तुमी जे लिवसान, त्याच्यावरच बिल्डिंग उभी राह्यते."

"वा रे वा! म्हणजे खरा इंजिनिअर मीच ना?" मी म्हटलं. लय हासली ती.

चार कोपऱ्यांत चार बोर होते. तीन झाले, तवा दुपार कलली. खिशात त्याच रातच्या वडशाच्या नाटकाचं तिकीट, पहिल्या रांगेचं. तिथलेच म्हातारे बुधूभाऊ जवळ आले. "भाऊ, या चौथ्या कोपऱ्यात बोडी होती, लहान तलावच. आमी ढोरं पाजत होतो तिथी. मंग बुजवली. इथी नीट पाय."

"पायतो ना भाऊ," म्हटलं, अन् सामान गाडीत टाकलं. तिसऱ्या बोरचे आकडे चौथ्याच्या कागदावर उतरवले. लबाडीची आदत नव्हती, म्हून एक आकडाही बदलवला नाई. काऊन केलं? नाटकासाठी! सांगताना जीभ जळते.

दीड वर्सात तो कोपरा वीतभर खचला, भिंती फाटल्या. कोणी मेलं नाई, अल्लाची मेहरबानी. पण होस्टेल बंद पडलं. बुधूभाऊची नात रंजीता पेटी घेऊन घरी परतली, तिची शाळा सुटली.

चौकशीत साहेबानं विचारलं, "चौथ्या बोरची माती कोणी काढली?" उठाचं होतं मले, खुदाकसम. पण तहसीनच उभी झाली. "सर, स्प्रिंगांचे आकडे मीच चुकीचे धरले." तिची नोकरी गेली. अन् मी, तिचा बाप, खुर्चीले चिपकून बसून होतो.

बाहेर आल्यावर मी रडलो. "बेटा, माझ्यासाठी खोटं काऊन बोलली?"

"खोटं नाई बोलली, अब्बा. दोन बोरची माती ठोक्याले ठोका कधीच सारखी नसते, हे तुमीच शिकवलं ना? कागद पाह्यल्याबरोबर समजलं होतं मले. पण बापाले कसं विचारू? म्हून तसंच टाकलं कम्प्युटरमंधी."

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन त्याच कोपऱ्यात गेलो. बुधूभाऊ बाजूले बसले होते. चौथा बोर मारला. एका ठोक्यात नळी फूटभर खाली गेली, वर काळा चिखल आला. कागदावर 'एक' लिवलं, खाली माझं नाव लिवलं, अन् साहेबाकडं नेलं. साहेब म्हणे, "चाचा, फाइल बंद झाली."

कागद घरी आणून तहसीनच्या हातात देल्ला. तिनं आकडा पाह्यला, खालचं नाव पाह्यलं.

"आता बरोबर हाय, अब्बा," म्हणे.