सहा पाट्यांवरचं 'कै.'

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिरजकर तिकटीच्या चौकाजवळच्या फ्रेमच्या दुकानात सहा पितळी पाट्या आल्या. सहाही पाट्यांवर एकच मजकूर कोरलेला होता: 'कै. कृष्णात मगदूम, चित्रकार.' दुकानाची मालकीण श्यामला हिनं पहिली पाटी उजेडात धरली, दुसरी धरली, आणि उरलेल्या चार न बघताच पाट्या कोरणाऱ्या अंबादासला फोन लावला.

"काका, माणूस जिवंत हाय की! तुम्ही त्यास्नी कैलासवासी करून टाकलंसा."

"मी कशाला कुणाला मारतोय? चिठ्ठीत हाय ते कोरलं."

"सवयीनं घातलं असंल."

"सवय तुझ्या दुकानाला हाय, मला न्हाय. चिठ्ठी बघ जा."

सवयीचं बोलणं खोटं नव्हतं. दुकानात येणाऱ्या दहातल्या सात फ्रेमा गेलेल्या माणसांच्या फोटोंच्या असत. तीस वर्षं पट्ट्या कापणारा ज्ञानू तर ऑर्डर घेतानाच हाराचा खिळा कुठं मारायचा ते विचारून टाकायचा. श्यामलानं पाट्यांसोबत परत आलेली चिठ्ठी काढली. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं लिहून दिलेली होती. 'कै.' तिच्यात स्पष्ट होतं, आणि पुढचं टिंब दोनदा गिरवलेलं.

गिऱ्हाइकाचं नाव अमरसिंह. शनिवारी तो मगदूमांच्या 'धुकेबहाद्दर' या चित्रकथेची चार मूळ पानं घेऊन आला होता. जाड कार्डावर शाईनं काढलेली चित्रं, खालच्या निळ्या पेन्सिलीच्या रेघा तशाच, चुका पांढऱ्या रंगानं झाकलेल्या, संवादांचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेले. चाळीसेक वर्षांपूर्वी हे अंक एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मिळायचे. अमरसिंहाला कामातलं कळत होतं. पुठ्ठा अ‍ॅसिड-फ्री हवा, काच चित्राला टेकता कामा नये, गोंद लावायचा नाही, हे सगळं त्यानंच सांगितलं. पानं चार होती, फ्रेमा मात्र त्यानं सहा सांगितल्या.

"उरलेली दोन पानं बुधवारी आणतो," तो म्हणाला होता. "मापं तीच आहेत. माउंट कापून ठेवा. शुक्रवारी प्रदर्शन आहे."

श्यामलाचं माहेर मुरगूडचं. कृष्णात मास्तर तिला शाळेत चित्रकला शिकवायला होते. दिवाळीत ती त्यांना भेटून आली होती. पण दिवाळीला आता तीन महिने होऊन गेले होते, आणि म्हातारं माणूस एकटं राहत होतं. तिनं लगेच त्यांचा नंबर लावला. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"कोण? श्यामे? आवाज का गं असा?"

"मास्तर, बरं हाय न्हवं?"

"बरं हाय की. गुडघं सोडून."

तिनं पाट्यांचं सांगितलं. मास्तर हसता हसता खोकायला लागले. "अगं, पेन्सिलीनं लिहिलं असंल तर खोडून टाक."

"पितळंवर कोरलंय, मास्तर."

"मग पक्कं काम झालं म्हण की!" खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "चार पानं मीच दिली त्या गड्याला, गेल्या साली. आता आणखी दोन मागतोय. ती शेवटाची हायती. छापणाऱ्याचा धंदा बुडाला आन् शेवटचा अंक निघालाच न्हाय. धुकेबहाद्दराचं काय झालं, ते माझ्याबिगर कुणालाच ठावं न्हाय. चारदा येऊन गेला. मी म्हणलं, जिवात जीव हाय तवर ती पानं घराबाहेर जायची न्हाईत. मी गेल्यावर ने जा."

श्यामलाच्या समोर टेबलावर पुठ्ठ्याचे दोन माउंट कापून तयार होते. आतल्या चौकटी रिकाम्या होत्या.

"मास्तर, तो आला तर घरात घेऊ नका."

"श्यामे, गोष्टी रचायचं काम माझं. तू फ्रेमा कर."

म्हातारा दुखावला असं वाटून तिनं सूर नरम केला. "फ्रेमा लई झ्याक झाल्यात. एकदा येऊन बघा तरी."

"येतो की. कुणी आणलं तर येतो."

मग तिनं अमरसिंहाला फोन केला. पाटीवर चूक झाली आहे, मास्तर हयात आहेत, नव्या करून घेऊ का, असं सरळ विचारलं.

"तुम्ही त्यांना ओळखता वाटतं?"

"माझे शिक्षक आहेत."

"अरे वा," तो म्हणाला. "पाट्या राहू द्या तशाच. नाहीतर परत बदलाव्या लागतील."

तिनं फोन ठेवला तेव्हा ज्ञानू करवत हातात तशीच धरून उभा होता. "पोलिसात जावं का?" तिनं विचारलं.

"जावा की. काय सांगणार? पाटीवर एक 'कै.' जास्त पडलाय म्हणून? ते म्हणतील, बाई, शुद्धलेखनाचा गुन्हा आमच्याकडं येत न्हाय."

श्यामलाला हसू आलं नाही. तिनं मुरगूडला मास्तरांच्या शेजारणीला, बाळाबाईला, फोन करून लक्ष ठेवायला सांगितलं. "मी हाय की," बाळाबाई म्हणाली. "माझ्या नजरंतनं मांजरबी सुटत न्हाय." तेवढ्यावर तिनं तो दिवस काढला.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी अमरसिंह दोन पानं घेऊन आला. शर्टाला इस्त्री होती, बोलणं नेहमीसारखंच मऊ. पानं त्यानं दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. श्यामलानं चित्राकडे पाहिलंच नाही. तिची नजर उजव्या कोपऱ्यावर गेली. दोन्ही पानांवर सही होती: कृ. मगदूम. आधीच्या चार पानांवर कुठंच सही नव्हती. चित्र बघून कुणाचं ते कळलं पाहिजे, सही कशाला, असं मास्तर वर्गात सांगायचे, आणि सही करणाऱ्या पोराचा कागद परत द्यायचे. तिनं कोपऱ्यावर टिपकागद दाबला. तो उचलला तर त्यावर निळी शाई उतरली होती; सही अजून वाळली नव्हती.

"मास्तरांनी दिली?"

"आपखुशीनं."

"कधी?"

"आजच." त्यानं घड्याळ पाहिलं. "शुक्रवारी नऊला गाडी पाठवतो. पाट्या विसरू नका."

तो तिकटीच्या गर्दीत दिसेनासा होईपर्यंत ती थांबली. मग मास्तरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. बाळाबाईनं मात्र पहिल्याच रिंगला उचलला.

"अगं, ते सकाळी धालाच गेलं की. पांढरी गाडी आलती."

"तुम्हाला लक्ष ठेवा म्हणलं होतं, मावशी!"

"ठेवलं की! मी आडवीच गेलते. कुठं चाललासा म्हणून इचारलं. तर म्हणालं, श्यामीनं फ्रेमा बघायला बोलावलंय, तिनंच गाडी धाडलीया. नवा सदरा घातलता. काखंत मोठं पाकीट हुतं." बाळाबाईचा आवाज उतरला. "तुझ्याकडं न्हाईत व्हय?"

श्यामला खुर्चीवर बसली. ज्ञानूनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं हातानंच नको म्हणून सांगितला. अमरसिंहाला मास्तरांशी तिचं नातं तिनं स्वतः सांगितलं होतं. फ्रेमा बघायला या, असं मास्तरांना तीच म्हणाली होती. गाडीत बसताना म्हाताऱ्यानं त्याच बोलण्यावर विश्वास टाकला होता.

त्याच रात्री पोलीस ठाण्यात मास्तर बेपत्ता असल्याची नोंद झाली. श्यामलानं चिठ्ठी, एक पाटी आणि टिपकागद दिला. हवालदारानं टिपकागद उलटसुलट करून पाहिला आणि पाकिटात घातला.

गुरुवारी दुपारी अमरसिंहानं पोलिसांना सांगितलं, की मास्तरांना वाटेत आजऱ्याच्या एका मित्राची आठवण झाली. पानांवर सही करून ती त्यांनी गाडीतच दिली आणि पावणेअकराच्या सुमारास ते कागलच्या बसस्थानकावर उतरले. मित्राचं नाव त्याला माहीत नव्हतं. कागल उलट्या दिशेला आहे, मुरगूडहून आजऱ्याला जाणारा माणूस कागलला येत नाही, असं श्यामला म्हणाली. वाटेत मनात आलं असेल, असं तिला ठाण्यातून उत्तर मिळालं. आजऱ्यात मास्तरांचं कुणी असल्याचं बाळाबाईला माहीत नाही.

गुरुवारी संध्याकाळी सात वीसला हवालदाराचा फोन आला. कागल बसस्थानकाबाहेरच्या कॅमेऱ्यात बुधवारी दहा त्रेचाळीसला पांढरी गाडी दिसते. ती दोन मिनिटं थांबते आणि निघून जाते. उजव्या बाजूनं कुणी उतरत नाही. डाव्या बाजूला एक एसटी उभी आहे, त्यामुळे तिकडचं काही दिसत नाही. मास्तरांचा फोन अजून बंद आहे.