राहीबाईंच्या ओट्याखाली

मी बोलतेय ती तुमच्या पायाखालून. दचकू नका, भूतबीत नाही मी. नगर शहराखालून सांडपाण्याचा बोगदा खणणारी मशीन आहे. पुढे पोलादी दात, पोटात माती वाहून नेणारा पट्टा, मागे वायरी आणि नळ्यांचं लांबलचक शेपूट. दिसायला देखणी नाही, आणि स्वभाव म्हणाल तर पक्का संशयी.

का नसावा? कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माणसांनी मला हार घातले, नारळ फोडला, फोटो काढले. पहिल्याच शहरात भुसभुशीत माती लागली, वरचा रस्ता खचला, आणि तीच माणसं म्हणाली, "मशीनमध्येच खोट आहे." मातीची तपासणी नीट केली नव्हती, हे कोणी तोंडातून काढलं नाही. तेव्हापासून माणूस गोड बोलायला लागला की मी सावध होते.

नगरला आले तर इथली माणसं माझ्याहून संशयी! आमचा इंजिनिअर हर्षल आधीच गल्लोगल्ली फिरून विचारत होता, "घराखाली जुना आड, विहीर काही आहे का?" घरोघरी एकच उत्तर, "न्हाई." एकाने तर मी दोन गल्ल्या लांब असतानाच आपल्या भिंतीची जुनी चीर माझ्या नावावर खपवली.

वरच्या या बातम्या मला अवधूतकडून कळतात. तो मला चालवतो. जामखेडकडचा आहे. केबिनमध्ये एकटा बसला की माझ्याशीच बोलत राहतो, आणि काही बिघडलं की शिव्याही मलाच घालतो.

परवा खणता खणता मातीची चव बदलली. रोजचा मुरूम कसा घट्ट असतो. हा ढिला, ओला, विटांच्या तुकड्यांनी भरलेला. दातांना समोरून जोरच लागेना. अवधूतने मला थांबवलं आणि फोनवर हर्षलला बोलावलं. "साहेब, हिचंच कायतरी बिघडलंय. माती लई येतीय." घ्या! आलं पुन्हा माझ्यावरच.

हर्षल आला. पट्ट्यावरच्या चिखलात त्याला हिरव्या बांगड्यांचे तुकडे दिसले, नारळाची करवंटी दिसली, आणि काळी पडलेली एक कुंकवाची कोयरी. त्याचा चेहरा उतरला.

"अवधूत, आमच्या गावी, काष्टीला, आजीने आड बुजवला, तेव्हा आधी त्याची ओटी भरली होती. हे ओटीचं सामान आहे. आपल्या डोक्यावर बुजवलेला आड आहे. अजून थोडं खणलं, तर सगळा भराव खाली येईल आणि त्याच्यामागून वरचं घर."

वर घर होतं राहीबाईंचं. सून पूजा आणि तिची तान्ही मुलगी, एवढीच त्यांची माणसं. हर्षल आणि अवधूत तडक तिकडे गेले. पुढचं अवधूतने परत येऊन मला सांगितलं.

"आड न्हाई म्हनून सांगितलंय न्हवं?" राहीबाई दारातच कडाडल्या.

"आजी, घाबरू नका. घराला काही धोका नाही. फक्त आड कुठे आहे ते सांगा," हर्षल म्हणाला.

"धोका न्हाई?" त्यांनी स्वयंपाकघरात पाट मांडला. "मंग बस हितं. तुमची ती बया खालून जाईस्तोवर उठायचं न्हाई."

हर्षल पाटाकडे बघत उभाच राहिला. बसेना. ते बघून पूजाने बाळाला उचललं आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली.

"बघितलंस? आड हाय म्हनलं की घर धोक्याचं ठरवता, आन् मानसाला कायमचं भाईर काढता," राहीबाई हर्षलला म्हणाल्या.

"खोटं बोललो, आजी," हर्षल म्हणाला. "धोका आहे. घर पडू शकतं. पण जागा कळली तर वरून सिमेंट भरून आड पक्का करता येईल. मग घर राहील."

राहीबाई ओट्यापाशी खाली बसल्या. मग त्यांनी ओट्याखालचा पिठाचा डबा बाजूला ओढला. "हितं हाय. सासूनं बुजवला. ओटी मीच भरली हुती."

मग सिमेंट भरायला सुरुवात झाली. मी खाली अंधारात, दातांवर सगळा भार पेलत थांबले. खरंच भरताहेत की नुसता देखावा, अशी शंका मला होतीच. शेवटी ते राखाडी सिमेंट झिरपत माझ्या दातांपर्यंत आलं आणि घट्ट झालं, तेव्हा कुठे विश्वास बसला.

राहीबाईंचा मात्र अजून बसलेला नाही. त्या सून-नातीला घेऊन समोरच्या घराच्या ओसरीवर गेल्यात. "सिमेट भरलं म्हनं! कुनी बघितलंय?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवताहेत. ते ऐकून आज हर्षल त्यांच्या घरात गेला आणि ओट्यापाशी मांडी घालून बसला.

आता मला निघायचंय. अवधूतने फोन चालू ठेवलाय. हर्षलच्या फोनमधून राहीबाईंचा आवाज येतोय, रडवेला, "अरं पोरा, भाईर ये! घर पडलं तर पडू दे, तू ये भाईर!"

हर्षल उठलेला नाही. माझे दात फिरायला लागलेत. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, आता थोडा वेळ माझ्याशी कोणी बोलू नका.